किशोरीकाकीच्या घरचा चहा

अक्षदाचा सत्कार गावकीने तिला न विचारताच ठरवला. मालवणच्या दक्षिणेला, वाळूला लागून असलेल्या त्या गावातली परदेशी शिकायला गेलेली ती पहिलीच मुलगी. विषय मानवी हक्क आणि लोकशाही. पहिलं सत्र इटलीत झालं होतं, दुसरं पोर्तुगालात व्हायचं होतं. मधल्या सुट्टीत ती घरी आली होती आणि प्रबंधाचा विषय अजून ठरत नव्हता.

देवळासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. बाप लवू, होडीवाला, इस्त्रीचा सदरा घालून पुढे बसला होता. आई पद्मावती मासळीबाजारातून थेट आली होती. सगळं गाव होतं, फक्त किशोरीकाकी दिसत नव्हती. जिच्या ओटीवर बसून अक्षदाने दहावीपर्यंत अभ्यास केला, ती शेजारची विधवा काकी.

"काकी खंय?" तिने आईला विचारलं.

"कार्यक्रम होवंदे, मगे सांगतंय," म्हणत आईने मान फिरवली.

मग मैत्रीण सुगंधाने कानात सांगितलं. काकी जिथे मासळी सुकवते ती जागा रिसॉर्टवाल्यांना गाड्या उभ्या करायला हवी होती. गावकी तयार झाली, काकी झाली नाही. म्हणून तिला वाळीत टाकलं. दुकानात सामान नाही, तिची सुकी मासळी बाजारात कुणी घेत नाही, बोलेल त्याला दंड. "तुझे आईबाबाव बोलनत नाय," सुगंधा म्हणाली.

तेवढ्यात गावकीचे प्रमुख शंकरतात्या माईकवर गरजले, "आमच्या चेडवान युरोपात जावन लोकशाही शिकल्यान! आता तिनाच दोन शब्द बोलूचे!"

अक्षदाने माईक घेतला.

"तात्यानु, शाल घेवच्या आदी एक विचारतंय. किशोरीकाकीक कित्याक बोलवक नाय?"

खुर्च्या करकरल्या. तात्या हसले, पण डोळे हसले नाहीत. "तो विषय आज नको."

"मगे माका ही शालव नको. माझो प्रबंध आता ह्याच गावावर होतलो."

"गावाची बदनामी करतलंस?"

"तुमी केल्यात ताच लिवतलंय."

माईक खाली ठेवून ती मांडवातून चालत निघाली. लवूने हाक मारली, पण ती थांबली नाही.

काकी दारातच घाबरली. "परत जा गो! तुझ्या बापाशीक होडयेर माणसां मिळाची नाय."

"चाय ठेव, काकी."

दोघी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, रस्त्यावरून दिसेल अशा बसून चहा प्यायल्या. कितीतरी दिवसांत तिने कुणासाठी दुसरा कप काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लवूच्या होडीवर एकही खलाशी आला नाही.

"तू विमानान जातलंस," लवू ओरडला. "आमका हयच रवाचा आसा!"

"काकीकव हयच रवाचा आसा, बाबा."

लवूने वल्हं वाळूत टाकलं. मग पद्मावतीनेच पदर खोचला आणि होडीला हात लावला. अक्षदा दुसऱ्या बाजूने रेटायला लागली. शेवटी लवूही होडीवर चढला. जाळं आडवंतिडवं पडलं, मासळी जेमतेम मिळाली. आई-बापाची आणि लेकीची त्या दिवशी एकदाही नजरानजर झाली नाही.

त्याच आठवड्यात अक्षदा काकीला पोलीस ठाण्यात घेऊन गेली. वाळीत टाकणं हा राज्यात गुन्हा आहे, हे तिने शांतपणे सांगितलं. "गावातल्या गावात मिटवा," साहेब म्हणाले. ती बाकावरून हलली नाही. दुपार कलली तेव्हा तक्रार लिहून घेतली गेली. साक्षीदार म्हणून सुगंधाने नाव दिलं. सगळ्यांत शेवटी, कुणी न बोलावता, लवू आला आणि त्याने सही केली.

तात्यांना चौकशीला बोलावणं आलं. रिसॉर्टवाले सध्या गप्प आहेत. काही खलाशी होडीवर परतले, काही अजूनही तोंड फिरवतात. काकीचे बांगडे तिच्या जागेवरच वाळतात.

पोर्तुगालमधल्या प्राध्यापिकेने विषय आनंदाने मान्य केला, पण काकीच्या सुरक्षिततेसाठी प्रबंधात खोटं नाव वापरावं, असं सुचवलं. अक्षदाने तिथून फोनवर काकीला विचारलं.

"खोटा कित्याक?" काकी म्हणाली. "मी काय चोरी केलंय? माझा नाव घाल. आणि माझ्या बापाशीचा आडनाव घालू नको, घोवाचा घाल. जागा तेची आसा."