बंदुका होत्या, चुना नव्हता

पापुआ न्यू गिनीच्या राजधानीत, पोर्ट मोर्सबीत, त्या आठवड्यात पंतप्रधान दोन होते आणि खुर्ची एक. दोघेही गारगार खोलीत बसून "मीच खरा" म्हणत होते. उन्हात करपायला शिपाई होतेच. एका पहाटे एका पंतप्रधानाच्या नावाने काही शिपायांनी बंदुका उचलल्या, कमांडरला त्याच्याच घरात कोंडलं आणि छावणीच्या फाटकाला कुलूप ठोकलं.

फाटकाबाहेर सुपारी विकणाऱ्या दिकाचा नवरा गारी त्यांच्यातच. दुपारी रेडिओवर सांगितलं: दिवस मावळायच्या आत बंदुका परत ठेवतील त्यांना माफी. बाकीचे तुरुंगात.

"ऐकलंस का रे?" दिका जाळीतून ओरडली. "ठेव ते लोढणं आत!"

"तू सुपारी वीक. तुला राजकारण नाही कळत."

"तुझ्या त्या पंतप्रधानाला तुझं नाव तरी ठाऊक आहे का?"

पहाऱ्यावरचे खो खो हसले. गारी हसला नाही.

तेवढ्यात बंडाचा म्होरक्या सार्जंट वागी जांभया देत आला. "मामी, चुना दे गं. सुपारी आत झाडांना लगडलीय, पण चुन्याशिवाय नुसता चोथा! पोरं चिडून एकमेकांवर धावतायत."

दिका बघतच राहिली. शस्त्रागार घेतलं, फोन घेतले, कमांडर घेतला, आणि हे शहाणे चुना घ्यायला विसरले! पोवळी भाजून चुना करणाऱ्या तिच्या गावच्या सगळ्या बाया शेजारी ओळीने बसल्या होत्या. तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पुड्या पटापट झोळ्यांत गेल्या.

"एक बंदूक शस्त्रागारात, एक पुडी जाळीतून."

"ही लाच झाली, मामी!"

"मग? लाच काय फक्त मंत्र्यांनीच द्यायची?"

तासाभराने पहिला शिपाई बंदूक ठेवायला गेला. मग रांगच लागली. शेवटी वागीही लालभडक तोंडाने आला. "कमांडरसाहेबांना सोडलं, फाटकही उघडलं. त्यांनाही एक पुडी दे. सकाळपासून आतून चुनाच मागतायत."

एकटा गारी उरला. सूर्य टेकडीला टेकला. दिकाने पुडी जाळीसमोर धरली.

"शेवटची पुडी आहे, गारी. मीच खाऊ?"

तिने सुपारी फोडली, चुना लावला, चघळायला लागली. गारी बघत राहिला. मग पाय आपटत शस्त्रागाराकडे गेला आणि रिकाम्या हातांनी धावत फाटकाबाहेर आला.

"माझी पुडी?"

दिका लाल पिंक टाकून हसली. "घरी माठभर आहे. चल."