बादलीतलं हॉर्सरॅडिश

विली तुस्कानो अठ्ठावीस वर्षं दुबईतल्या एका हॉटेलात शेफ होता. कोविडचा ताप आला, आठवड्याभरात उतरला, पण जाताना त्याच्या नाकातला वास घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. एक दिवस शेगडीवरचं सूप करपलं. अख्ख्या किचनला कळलं, समोर उभ्या विलीला नाही. त्याच आठवड्यात त्यानं राजीनामा दिला.

अल मनखूल भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये त्यानंतर तो किचनची पायरीच चढेना. त्याची बायको एडना क्लिनिकच्या रिसेप्शनवरून घरी यायची, कालवण-भात करायची, आणि विली समोर येईल ते निमूट गिळायचा.

ऑक्टोबरात त्याचा जुना ज्युनियर रॉयस्टन भेटायला आला. पिशवीत हॉर्सरॅडिशची बोटाएवढी दोन मुळं होती. रोस्टसोबतच्या सॉससाठी विली हीच किसायचा. किसली की मोहरीसारखी थेट डोक्यात जाणारी.

"सर, लावून बघा ना बाल्कनीत."

"थंडीतलं झाड आहे ते. इथे कसलं जगतंय!" विली म्हणाला आणि टीव्ही लावून बसला.

एडनाला राग आला. रागारागातच तिनं एका खोल बादलीला तळाशी भोकं पाडली, माती भरली आणि मुळं आडवी पुरली.

"आडवी नाही, तिरकी," टीव्हीसमोरून आवाज आला. "जाड टोक वर."

नाताळपर्यंत तंबाखूसारखी लांब पानं वर आली. पाणी घालायचं काम कधी विलीकडे गेलं ते एडनाला कळलंच नाही. एप्रिलपासून तर तो सावली सरकेल तशी बादली सरकवू लागला. तरी जूनच्या उन्हानं पानं कागदासारखी चुरचुरीत झाली.

"खलास," एडना हळहळली. "टाकून देऊ या का?"

"थांब गं." विलीनं मातीत हात खुपसला, चाचपलं. "टणक आहे अजून. थंड देशात हे हिवाळाभर झोपतं. आपण उन्हाळ्यात झोपवू."

त्यानं मुळं ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवली. दर रविवारी चर्चमधल्या मासहून आला की कागद बदलायचा, कुजका भाग अलगद कापायचा. आजारी माणसाची पट्टी बदलावी तसं. एडना दारातून बघायची.

ऑक्टोबरात मुळं पुन्हा मातीत गेली. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी विलीनं बादली उपडी केली, तेव्हा एक मूळ अंगठ्याहून जाड झालं होतं. त्यानं ते धुतलं, सोललं आणि किसायला घेतलं. हॉलमध्ये बसलेल्या एडनाच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"एडना! एडना, इकडे ये!"

त्याचं बोट कापलं असेल म्हणून ती धावली. विली किसणीवर वाकून उभा होता, डोळ्यांतून धारा.

"झोंबलं गं. नाकात झोंबलं!"

"वास आला?"

"नाही." त्यानं पुन्हा खोल श्वास घेतला आणि ठसकला. "वास नाही. पण आत काहीतरी पोचलं. तीन-साडेतीन वर्षांत पहिल्यांदा."

दोघं किसणीजवळ नाक नेऊन उभी राहिली, रडत आणि हसत. तेवढ्यात मुलीचा, सोफियाचा कॅनडाहून व्हिडिओ कॉल आला. "पप्पा, आर यू क्रायिंग?" ती घाबरून म्हणाली. सगळं ऐकल्यावर तीही रडली.

वास काही परत आला नाही. पण दुसऱ्या दिवशी मासहून आल्यावर विलीनं कोट काढला आणि स्वतः गॅस पेटवला. तेलात कांदा पडला.

"एडना, इथे उभी राहा. कसा वास येतोय?"

"कच्चा."

"आता?"

"गोडसर व्हायला लागलाय."

मग मटण पडलं, मसाला पडला. ती सांगत गेली, तो ढवळत गेला.

"लवंगेचा वास जरा पुढे पळतोय," ती म्हणाली.

विलीनं मान हलवली, खोबऱ्याचं थोडं दूध घातलं आणि तिच्यासाठी स्टूल ओढून दिलं.