लांब तोंडाचं मशीन

बागेतला पालापाचोळा आणि छाटलेल्या फांद्या बारीक करणारं मशीन लेकीनं बापासाठी बनवलं, आणि बापाला त्यातलं काही म्हणता काही पसंत पडलं नाही. बाप सार्वजनिक बागेत माळी, लेक बागेच्या भिंतीला लागूनच असलेल्या वर्कशॉपात फिटर.

"एवढं लांब तोंड कशाला? हत्तीची सोंड लावलीस की काय?" पहिल्याच दिवशी त्यानं नाक मुरडलं. वरून टाकलेली फांदी पत्र्याच्या नळीतून घसरत खाली पात्यांपर्यंत जायची. शिवाय नळीवरचं झाकण उघडलं की त्याखालचं बटण सुटून मोटर थांबायची. "सारखी रुसते मेली," म्हणून तो करवादायचा. लेकीनं हे सगळं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. बापाला ती पुरती ओळखून होती. काही अडकलं की सरळ हात घालायचा, हा त्याचा जन्माचा खाक्या. काठी शोधायला जाण्यात त्याला कमीपणा वाटायचा.

त्या सकाळी ती लोखंडावर कानस चालवत होती आणि एक कान भिंतीपलीकडे होता. एरवी झाकण उघडलं की दर दोन मिनिटांनी थांबणारं मशीन आज सलग चाललं होतं. मग आवाज जड झाला. मोटर कण्हायला लागली, तरी थांबेना. कानस हातात तशीच घेऊन ती मागच्या दारानं धावत सुटली.

बाप खांद्यापर्यंत नळीत! गाल पत्र्याला टेकलेला. झाकणाचं बटण सुतळीनं करकचून दाबून बांधलेलं, आणि गाठ अगदी माळ्याची. तिनं आधी वायर उपटली.

"बाबा, हात काढा!"

हात निघाला. तिनं तो दोन्ही हातांत धरून उलटसुलट पाहिला. माती होती, गुलाबाचा जुना ओरखडा होता, बोटं सगळी जागच्या जागी होती.

"काय झालं ओरडायला?" बाप वैतागला. "तुझं माप चुकलंय बघ. ओल्या पानांचा बोळा अडकलाय, मघापासून झटतोय, पण वीतभर हात कमीच पडतोय."

ती तिथेच पाचोळ्यात बसली. हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. नळीचं माप काढायला तिनं दोरीवर वाळणारा बापाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घेतला होता. खांद्यापासून मनगट, पुढे पंजा, आणि वर एक वीत.

"आता तरी नळी कापशील ना?"

सुतळी सोडता सोडता तिनं विचारलं, "बागेत सगळ्यात लांब हात कोणाचे?"

"त्या ताडमाड पहारेकऱ्याचे. का गं?"

"बोलवा त्याला," ती म्हणाली आणि खिशातून मोजायची टेप काढली.