टायरांच्या ढिगामागची पेटी

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, सरकारी कागदांत माझा पत्ताच नाही. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सविलच्या लष्करी कोठारात, टायरांच्या ढिगामागे मी एकोणीस वर्षं काढली. मोडीत निघालेल्या ट्रकच्या पत्र्यातून सार्जंट रोझाबेल मोस्बींनी मला घडवून घेतलं. सगळे त्यांना आंटी म्हणतात.

मागवलेली वस्तू यायला चार-चार महिने लागत. म्हणून शेजारचं एक कोठार बंद झालं, तेव्हा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचे खोकंभर रबरी वॉशर आंटींनी गुपचूप उचलून माझ्या पोटात भरले. वॉशर गेला की जवान त्यांच्याकडे धावत, दोन मिनिटांत काम फत्ते! कागदावर नोंद शून्य. मला केवढा अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

मग विद्यापीठाची माणसं आली, सोबत एका कंपनीचे इंजिनिअर. वीस वर्षांच्या मागण्या वाचून कधी काय बिघडेल ते संगणक आधीच सांगणार होता. मी कान टवकारले. ज्याने आयुष्यात कधी ग्रीसला हात लावला नाही, त्याला हे कळणार तरी कसं?

विद्यापीठाची थुई लाम भारी चौकस.

"आंटी, बाकीच्या कोठारांना वर्षाला चाळीस वॉशर लागतात, तुम्हाला दोनच. तुमची यंत्रं उपास करतात की काय?"

"आमची पोरं जपून वापरतात गं," आंटी हसल्या. "चहा घे."

बिचाऱ्या संगणकाने ते खरं मानलं.

फेब्रुवारीत एका बेटाला चक्रीवादळाने झोडपलं. विहिरींत समुद्राचं पाणी शिरलं. मदतीचं जहाज दुपारी चारला सुटणार होतं, त्यात पाण्याची चार यंत्रं. संगणकाने दहा मिनिटांत यादी दिली आणि सगळ्यांनी वाहवा केली. यादीत वॉशर होते दोन.

आंटी यादी घेऊन माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. गुपचूप माल चढवणं त्यांच्या हातचा मळ होता. निवृत्तीला सात महिने उरलेले, आणि दडवलेला माल सापडला तर चौकशी ठरलेली. मलाही वाटलं, चढवा की हळूच, कोणाला कळतंय? पण पुढच्या वादळात संगणक पुन्हा दोनच म्हणणार, आणि तेव्हा आंटी इथे नसणार.

त्यांनी मला खरडत, ओढत थेट कोठाराचे प्रमुख मेजरसाहेब आणि थुईपुढे आणलं. कुलूप काढलं.

"संगणक चुकला नाही. त्याला खोटं मी शिकवलं."

मेजर लालबुंद झाले. "सार्जंट, हे काय आहे?"

"बेटावरच्या लोकांचं पाणी आहे, सर. ओरडायचं ते जहाज सुटल्यावर ओरडा."

थुई मात्र माझ्याशेजारी उकिडवी बसली. "आंटी, कुठला वॉशर कधी गेला, आठवतं?"

"न आठवायला काय झालं?"

वॉशर जहाजावर चढले. आंटींना लेखी ताकीद मिळाली. मला फार वाईट वाटलं. पण पुढचे तीन आठवडे त्या सांगत होत्या, थुई टिपून घेत होती आणि इंजिनिअर माझ्यावर बसून ऐकत होते. बेटावरून निरोप आला: चारही यंत्रं चालू, एकतीस वॉशर लागले. संगणकाने पुढची मागणी आपणहून केली, चव्वेचाळीसची.

आंटी आता निवृत्त झाल्या. मी रिकामी आहे, गंज चढलाय. मित्रांनो, जमलं तर रंगाचा एक हात द्या, बसायला घ्या, काहीही ठेवा. फक्त कुलूप लावू नका.