अर्धी होडी

चौऱ्याऐंशी साली विद्यापीठाने एक नवीच टूम काढली. एम.ए.च्या पोरांना मन आणि मेंदू एकत्र शिकवायचे. सोमवार ते शुक्रवार एक बाई मन शिकवणार आणि शनिवारी इस्पितळातले एक डॉक्टर येऊन मेंदू. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून तिथवर पोचलेली पार्वती ही पहिलीच मुलगी, आणि तिला अर्थातच मन जास्त आवडलं. मनात आपल्याला हवं ते सापडतं. मेंदूत नुसती पाठ करायची नावं.

बाईंनी प्रात्यक्षिक दिलं, घरातल्या एका माणसाकडून चित्र काढून घ्या आणि त्याचं मन वाचा. पार्वतीने बापाला धरलं. धर्मा तांडेल, तीस वर्षं बोटीचं सुकाणू धरलेला माणूस. नारळी पुनवेपासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचा. ताटातला अर्धा भात तसाच ठेवून वर आणखी मागायचा. पुतळाबाईने नवऱ्याचं बोटीवर जाणं बंद केलं होतं आणि त्याला इस्पितळात ने म्हणून ती रोज पोरीच्या मागे लागली होती.

"मना काय झालंय?" धर्मा म्हणायचा. "ठणठणीत हाय मी."

पार्वतीने कागदावर होडी काढली आणि तशीच काढायला सांगितलं. त्याने मन लावून काढली. उजवीकडची नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, नीट, दोरसुद्धा काढला. मध्यावर येऊन थांबला आणि "झाली," म्हणून पेन्सिल खाली ठेवली. डावा अर्धा भाग कोराच होता.

आता कुणीही शहाणं माणूस इथे घाबरलं असतं. पार्वती खूश झाली. गेल्या साली तिचा काका रामनाथ बोटीवरून पडून गेला होता, आणि बोटीत त्याची जागा डावीकडे. झालं. तिने पाच पानं लिहून काढली की भावाच्या दुःखाने बापाने ती बाजूच मनातून पुसून टाकली आहे. बाईंनी ती पानं वर्गात वाचून दाखवली. असं कौतुक झालं की माणसाला आपलं म्हणणं खरं वाटू लागतं.

"आये, इस्पितळ नको," तिने घरी येऊन सांगितलं. "दुःख हाय ते. त्याला दर्यावर जाऊ दे, आपोआप बरा होईल."

पुतळाबाईला ते पटलं नव्हतं. पण पोरगी शिकलेली, आणि आपण मासळीच्या पाट्या वाहिलेल्या. तिने मान डोलावली.

शनिवारी डॉक्टरांनी पडद्यावर एक चित्र दाखवलं. एका रुग्णाने काढलेलं घर. उजवी भिंत, उजवी खिडकी, आणि डावीकडे काहीच नाही.

"मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ किंवा रक्तस्राव," डॉक्टर म्हणाले. "डोळे चांगले असतात. पण डावीकडचं जग याच्यासाठी उरलेलंच नसतं. आणि गंमत म्हणजे, आपल्याला काही झालंय हे त्याला पटत नाही."

 पार्वती वही तिथेच टाकून बाहेर पडली. अंधेरीहून वर्सोव्याची बस मिळेपर्यंत अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात तिने स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या उभ्या जन्मात कुणाला दिल्या नव्हत्या.

धक्क्यावर पुतळाबाई रिकामी पाटी घेऊन बसली होती.

"बा कुठाय?"

"पहाटेच गेला. मीच धाडला गो. बोलले, आपली पार्वती बोलतेय ना, मग जा." तिने खाडीच्या तोंडाकडे बोट केलं. "तो बघ, आला पण."

बोट भरतीवर आत शिरत होती. धर्मा सुकाणूवर, खलाशी नाळेवर खाली मान घालून मासळी निवडत होते. त्याच वेळी पलीकडून, त्याच्या डाव्या अंगाने, मढची फेरीबोट माणसांनी भरून निघाली होती. फेरीवाला सीताराम वेग कमी करत नव्हता. कशाला करील? धर्मा तांडेल दिसला की वाट मिळणारच, हे या खाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. तीस वर्षांत धर्माने एकदाही चूक केली नव्हती.

पार्वती धक्क्याच्या टोकाला धावली. दोन्ही हात त्याच्या डाव्या बाजूकडे फेकत ओरडू लागली, "बा, तिकडे बघ! तिकडे!"

इंजिनाच्या आवाजात त्याला शब्द ऐकू गेले नाहीत. पण धक्का त्याच्या उजवीकडे होता, त्यामुळे ती त्याला स्वच्छ दिसली. कॉलेजात जायला लागल्यापासून पोरगी कधी धक्क्यावर आली नव्हती. फेरीबोटीतली माणसं उभी राहून किंचाळत होती, आणि धर्मा सुकाणूवरचा एक हात उचलून, पोरीकडे बघत, हसून हलवत होता.