लंडन पाहून आलेले कुलूप

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कुलूप आहे आणि संशय हा माझा धंदा आहे. १९२६ साली जालन्यात कादराबादेच्या एका लोहाराने मला घडवले. चावी देताना तो म्हणाला होता, "कोनावर भरोसा ठेवायचा न्हाई, येवढंच याचं काम." ते मी कधी विसरले नाही.

मला विकत घेणारा मच्छिंद्र जिनिंग कारखान्यात, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या जिन यंत्रांवर, फिटर होता. घरी आई गोजरबाई आणि आठ वर्षांची बहीण जयवंता. जयवंता जन्मापासून बहिरी. एकदा कापसाची गाडी तिच्या मागून आली. गाडीवान ओरडला, पण तिला ऐकू आले नाही. चाक तिच्या पायापासून वीतभरावरून गेले. दुसऱ्या दिवशी मी दाराच्या कडीत होते. मायलेक कामाला जात, जयवंता आत राही. नऊ वर्षे माझ्या कामात खंड पडला नाही.

एक गोष्ट मात्र मला खटके. मच्छिंद्र घरी येई तेव्हा, मी उघडण्याआधीच, जयवंता दाराशी उभी असे.

"आई, हिला ऐकू येतं. सोंग करून राह्यली ही."

"सतरा वर्सं कोन सोंग करतं रे, येड्या?"

मला मच्छिंद्रचेच पटे. तिला ऐकू येत असेल तर मला दाराला लावता कशाला, हे त्याला सुचले नाही आणि मलाही नाही.

१९३५ साली कारखान्याने विलायतेत नवे इंजिन घेतले. ते समजून घ्यायला मच्छिंद्र आणि इंग्रजी जाणणारे कारकून काकासाहेब लंडनला निघाले. मी मच्छिंद्रच्या पत्र्याच्या ट्रंकेवर चढले. घराच्या कडीला गोजरबाईने सुतळी बांधली.

लंडनच्या कारखान्यात कानस मारणारा एक बहिरा कारागीर होता. त्याची आणि मच्छिंद्रची गट्टी लगेच जमली. जिनाच्या खडखडाटात आमचे कामगारही हातांनीच बोलतात. ऑगस्टमध्ये त्याने दोन पास दिले. देशोदेशीच्या बहिऱ्यांचे सामने भरले होते.

"फुकट पास?" मच्छिंद्र म्हणाला. "आपल्याला खोलीभाईर काढायचं अन् मागून ट्रंक लंपास करायची."

मग तो ट्रंक खांद्यावर घेऊनच निघाला.

"अरे, लोक हसतील," काकासाहेब म्हणाले.

"हसू द्या. ट्रंक माझी हाय."

मैदानाभोवती बसायला लाकडी फळ्या होत्या. खेळाडूंचे हात भराभर चालत होते. मच्छिंद्रने डोळे बारीक केले.

"काकासाहेब, हे बहिरे न्हाईत. जिनिंगवाले हायेत बिलकुल!"

"हो, अन् शर्यत संपली की कापूस वेचायला जाणारेत."

समोरच्या फळीवर पाठीला सात आकडा लावलेली एक मुलगी बसली होती. मच्छिंद्रने मला ट्रंकेवर खणखण आपटले. मुलगी वळली नाही. पुन्हा आपटले. चार सीटा पलीकडचे एक गृहस्थ वळले, ती नाही. शेवटी हात भरून आला तशी त्याने ट्रंक तिच्या फळीच्या टोकाला धप्पकन ठेवली. मुलगी झटकन वळली.

"धरली!" मच्छिंद्र ओरडला. "ऐकलं हिनं!"

मुलगी हसली. तिने फळीवर तळहात ठेवला, थोपटला, मग आपल्या पावलांकडे बोट दाखवले.

मच्छिंद्रने आपलाही तळहात फळीवर टेकवला. जिनाचे बेअरिंग बिघडले की तो कान लावत नसे, तळहात लावत असे. इतरांना कळण्याआधी त्याच्या हाताला कळे.

"काकासाहेब, आमच्या दाराला लाकडाचा उंबरा हाय."

"मग?"

"जयवंता दिसभर त्याच्यावरच बसून ऱ्हाती."

काकासाहेबांना काही उमगले नाही. मला उमगले.

मुलगी शर्यतीला उतरली. झेंडी खाली आली. सात आकडा तिसरा आला. मच्छिंद्र पळत पळत कठड्यापर्यंत गेला होता. ट्रंक मागे, मी एकटे. कोणी मला हात लावला नाही.

परतल्यावर गोजरबाई त्याला घ्यायला टेशनावर आली होती. घराशी येताच मच्छिंद्रने सुतळीला हात न लावता उंबऱ्यावर टाच दोनदा आपटली. आतून दोन थापा आल्या.

"उद्यापासून ही आपल्यासंगं कामाला येईल, आई."

"अन् गाडीखाली आली मंग?"

"डोळे हायेत तिला. अन् पायांना कळतं. मीच बहिरा व्हतो."

गोजरबाईची समजूत पटली नव्हती. सकाळी तिने लेकीचा पदर घट्ट धरला होता. मच्छिंद्रने मला ट्रंकेवरून काढून चावीसकट जयवंताच्या हातात दिले. तिने रिकाम्या घराचे दार ओढले, मला लावले आणि दोनदा खेचून पाहिले. माझ्यावर तिचाही भरवसा नव्हता. कसा असणार?

पुढे बारा वर्षे ती जिनावर होती. बिघाड झाला की फिटरआधी तिला बोलावत. माझी चावी कधीतरी हरवली. आता मी खुंटीवर गंजत लटकले आहे. तेल कोणी घालत नाही, त्याची तक्रारही नाही.

मित्रांनो, माझ्या नव्या भावंडांना जरूर तेल घाला, त्यांच्या चाव्या जपा. पण कडीत अडकवण्याआधी एकदा उंबऱ्यावर टाच आपटा आणि आतून थाप येते का ते बघा.