दहा मिनिटांचं पांढरं पान

"संदीपदादा, आपलं हे सगळं आमच्या डबड्यावर उघडणार आहे का?"

प्रश्न उमेरानं विचारला, पण तिच्या मनातला नव्हता. "विचार की! दहावीत गेलीस आन् घाबरतेस?" असं शाळेतल्या मैत्रिणींनी डिवचलं, म्हणून विचारला. आणि डबडं म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. राहायला कामशेतला. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते पोटाखालच्या चिठ्ठीवर छापलं होतं, ती घासून गेली. आठ वर्षं मी लोणावळ्याच्या एका हॉटेलात काउंटरवर होतो. पाहुण्याचं नाव, गाडीचा नंबर, खोल्या किती. मॅनेजर म्हणायचा, "हा कधी दगा देत नाही." मला त्याचं काही वाटायचं नाही. मग बिजागरी तुटली, बॅटरी गेली आणि मला कपाटावर टाकलं. दोन वर्षं. त्याचंही काही वाटलं नाही. उमेराचे अब्बा राजमहंमद त्या हॉटेलात पाव पोचवतात. त्यांनी लेकीसाठी मला मागून आणलं. आता माझं झाकण रबरबँडनं धरलेलं असतं. वायर निघाली की मी विझतो.

उमेरा, टाकव्याची छकुली आणि आणखी पाचजण मिळून एक नवी ब्लॉग-व्यवस्था बांधत होते. मराठीत कुणालाही फुकट लिहिता यावं म्हणून. सगळे हौसेनं राबणारे, पगार कुणालाच नाही. कोड सर्वांना खुला. देहूरोडचे संदीपदादा त्यांच्यातले जाणते. दर रविवारी सकाळी व्हिडिओवर बैठक. कुणाला हलणारी चित्रं हवी, कुणाला चोवीस रंग. यादी वाढतच होती. नियम एकच: आपण केलेलं काम दुसऱ्यानं त्याच्या मशीनवर तपासायचं. पण तपासणाऱ्यांची मशीनं सगळी नवीकोरी! आणि उमेरा? तिला माझी लाज वाटायची. ती अब्बांच्या फोनवर तपासायची.

"न उघडायला काय झालं?" उमेराच्या त्या प्रश्नावर दादा म्हणाले. "आत्ताच बघ की."

तिनं फोन भिंतीला टेकवला, मला चालू केलं, पत्ता टाकला. माझा पंखा घरघरला. पान पांढरं.

"तोवर चहा ठेव गं उमेरा!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पांढरंच.

मग छकुली म्हणाली, "आमच्या शाळंत असलाच एक हाय. समद्या पोरी त्याच्यावरच लिवणार व्हत्या. मग आमी लिवायचं कुटं?"

कुणी हसलं नाही.

"चुकलं माझं," दादा म्हणाले. "यादी बंद. उमेराच्या डबड्यावर उघडेल तेच आत येईल."

तेव्हापासून दर रविवारी उमेरा मला सगळ्यांना दिसेल असं फोनसमोर मधोमध ठेवायला लागली. हलणारी चित्रं गेली. चोवीस रंगांचे चार झाले. रंगवाली सारिका दोन रविवार रुसून बसली. कितीदा पान अडकलं, कितीदा मी विझलो. शेवटी एकदा जांभई द्यायच्या आत पान उघडलं. दुसऱ्याच दिवशी टाकव्याच्या शाळेतून छकुलीनं पहिलं लिहिलं: "भाताच्या खाचरात माजी एक चप्पल गेली. दुसरी जपून ठिवलीया. कशाला, म्हायती न्हाई."

ते मी तसंच दाखवलं. उमेरा बराच वेळ वाचत राहिली.

आणि गेल्या आठवड्यात अब्बा खूश होऊन आले. नवा लॅपटॉप! फक्त दुकानदार बदल्यात जुना घेणार. अम्मीनं मला पुसून टॉवेलात गुंडाळलं.

"नवा मिळतोय, आणि तोंड का पाडलंस?" अम्मी उमेराला म्हणाली.

मित्रांनो, मला भंगाराची भीती वाटत नाही. मला काहीच वाटत नाही. पण एवढं ठाऊक आहे, मी गेलो की रविवारी नवीकोरी मशीनंच उरतील. शाळेतला तर रविवारी कुलपात असतो. पुन्हा पांढरं पान आलं, तर ते कुणाला दिसणारच नाही. म्हणून सांगतो, जुन्याला कपाटावर टाकण्याआधी एकदा त्याच्यावर काय चालतं ते बघा, आणि काय अडतं तेही.

उमेरानं टॉवेल सोडला. रबरबँड नीट बसवला.

"अब्बा, अम्मी, माझं ठरलंय. नवा नको. हा कुठं जाणार नाही, बारावीपर्यंत मी ह्याच्यावरच काम करणार. तुम्ही फक्त ह्याला एक बिजागरी बसवून द्या."